फिलामावशीची चार हजार बाळं

करामफिला स्तोएवा ऊर्फ फिलामावशी या बाईने डॅन्यूब नदीकाठच्या आमच्या लोम गावातल्या निम्म्या लोकांना जन्मल्या जन्मल्या पायाला धरून उलटं लटकवलंय आणि पाठीत चापट मारलीय. त्यामुळे तिच्यापुढे कुणी शहाणपणा करत नाही. बँकेतला साहेब असो की पोलीस, ती रस्त्यात दिसली की हातातली सिगारेट मागे जाते. मी दिमो. टीव्ही दुरुस्त करतो, तिच्याच इमारतीत तिच्या वरच्या मजल्यावर राहतो, वय पंचेचाळीस. मलाही तिनेच बाहेर ओढलंय. हे ती चारचौघांत सांगते, आणि "उलटा आला होता, तेव्हापासून तसाच आहे," हेही न विसरता सांगते.

चौतीस वर्षं ती इथल्या प्रसूतिगृहात सुईण होती. प्रत्येक बाळंतपणाची नोंद तिने सरकारी रजिस्टरात केलीच, पण घरी येऊन स्वतःच्या वहीतही केली. सरकारी रजिस्टरात वजन आणि वेळ. वहीत खरं काय झालं ते. 'मुलगा, चार किलो. बाप खिडकीखाली पिऊन गातोय, आवाज बरा.' 'मुलगी, काळीनिळी, दोन चापट्या, मग अशी ओरडली की डॉक्टरांनी कॉफी अंगावर सांडली.' 'जुळे. आई म्हणाली, एक परत घ्या.' अशा चार हजार तीनशे सोळा नोंदी, एकोणीस वह्या. तिला स्वतःचं मूल नाही. नवरा डॅन्यूबवर मालवाहू बोटीवर होता, तो लवकर गेला. त्याबद्दल ती बोलत नाही आणि विचारायची कुणाची छाती नाही.

लोक तिच्याकडे स्वतःबद्दल विचारायला येतात. कुणाला राशिभविष्यासाठी जन्मवेळ हवी असते, कुणाला बायकोशी पैज जिंकायची असते. ती चष्मा चढवते, पान काढते, तुमच्यापुरती ओळ वाचते आणि वही मिटते. दुसऱ्याची ओळ मेली तरी वाचत नाही. आमचा नगराध्यक्ष जन्मताना कसा होता हे कळावं म्हणून विरोधी पक्षाचे लोक तिच्याकडे चॉकलेटचा डबा घेऊन आले होते. तिने डबा ठेवून घेतला आणि त्यांना हाकललं.

तिच्या व्हिएन्नातल्या भाच्याने नवा कॉम्प्युटर घेतला आणि जुना हिला पाठवला. तो जोडायला अर्थात मी. टीव्ही दुरुस्त करणाऱ्याला कॉम्प्युटर कळतोच असं आमच्याकडे लोकांनी ठरवून टाकलंय, आणि खरं सांगायचं तर मीही कधी नाही म्हटलेलं नाही. मी तारा लावल्या, फोनची लाइन लावली, ईमेल कसं पाठवायचं ते दाखवलं. मग घसा खाकरून व्हायरसबद्दल बोलायला लागलो. तिथेच माझी गुरुगिरी संपली.

"कशातून पसरतो?" तिने विचारलं.

"ईमेलबरोबर अटॅचमेंट येते ना मावशी, ती उघडली की."

"म्हणजे स्पर्शाने. लक्षणं किती दिवसांत?"

"कधी लगेच, कधी कळतसुद्धा नाही."

"कावीळ," ती म्हणाली. "बरं. तू हात धुतलेस?"

मी हसलो. ती हसली नाही. मला उठून हात धुऊन यावं लागलं. त्या दिवसापासून तिच्या कॉम्प्युटरवर उकळून इस्त्री केलेलं पांढरं फडकं असायचं. कळफलक आठवड्यातून एकदा राकियाने, आमच्याकडच्या फळांच्या दारूने, पुसला जायचा, तेही घरी गाळलेल्या, कडक. त्यामुळे तिच्याकडे ईमेल लिहायला बसलं की उगाच आनंदी वाटायचं. बाहेरची फ्लॉपी आत घालायला सक्त बंदी. एकदा मी माझी आणली तर तिने ती दोन बोटांत धरून माझ्या खिशात परत घातली. "दुसऱ्याची सुई टोचून घेतोस का तू? नाही ना? मग!" मी अँटिव्हायरस बसवून दिला, तो दर रविवारी ताजा करायचा, आणि सात नियम लिहिलेला कागद मॉनिटरला चिकटवला. पहिला नियम: पाठवणाऱ्याला विचारल्याशिवाय अटॅचमेंट उघडायची नाही. ती तो नियम इतका पाळायची की मी पाठवलेल्या फोटोंसाठी वर येऊन मला तोंडाने विचारायची, "तूच का रे?"

मग तिने वह्या टाइप करायला घेतल्या. एका बोटाने. दोन हिवाळे गेले. रोज संध्याकाळी खालून टक, टक ऐकू यायचं, आणि मध्येच हसू. शेवटची नोंद झाली त्या दिवशी तिने मला केक दिला आणि विचारलं, "आता काय?" आणि मी मूर्खाने, तोंडात केक असताना, म्हणालो, "आता काय नाही मावशी. कॉम्प्युटरात गेलं म्हणजे अमर झालं."

सप्टेंबरात आमच्या इमारतीच्या मागच्या अंगणात सगळे मिळून ल्युतेनित्सा करतात. लाल मिरच्या भाजायच्या, टोमॅटो शिजवायचा, मोठ्या कढईत दिवसभर घोटायचं, वर्षभराची चटणी. त्या वर्षी लाकडं ओली होती. मी कढई ढवळत होतो, फुंकून फुंकून माझे डोळे चुरचुरत होते. फिलामावशी आली, काखेतला गठ्ठा तिने जाळाखाली सारला, आणि काय सुरेख आग लागली! मी म्हटलं, वा! आणि मग एका जळत्या पानावर मला '१९६७' दिसलं.

"मावशी! या तुझ्या वह्या!"

"हो. जुन्या झाल्या होत्या. झुरळं व्हायला लागली. तूच म्हणालास ना, अमर झालं म्हणून?"

मी ढवळत राहिलो. चटणी मात्र फार छान झाली, मी सहा बरण्या नेल्या. पण त्या रात्री मला झोप लागेना. सकाळी खाली जाऊन मी तिला बजावलं, की आताच्या आता फ्लॉपीवर प्रत काढ आणि ती कॉम्प्युटरापासून लांब ठेव. कोरडी राहील, हवा लागणार नाही अशा ठिकाणी, नीट बंद करून.

"वस्तू टिकवायची कशी ते तू मला शिकवतोस?" ती म्हणाली. "माझी बरणीतली काकडी तीन वर्षं टिकते."

मी म्हटलं, मग झालं.

आता फुलांचा रविवार. ईस्टरच्या आधीचा. ज्याचं नाव फुलावरून, पानावरून, झाडावरून आहे त्या प्रत्येकाचा या दिवशी नामदिन, म्हणजे नावाचा वाढदिवस. म्हणजे करामफिला, व्हायोलेता, यासेन, झ्द्राव्को, तीन रोझा, दोन मार्गारिता, आमचं जवळजवळ अर्धं गाव. माझा ऑक्टोबरात येतो, आम्ही एकूण सातजण असतो, केक पुरून उरतो. नामदिनाला आमंत्रण नसतं. दार उघडं ठेवायचं, येईल त्याला बसवायचं आणि खायला घालायचं. 'तुम्ही कोण, कशाला आलात' असं विचारणारा माणूस लोममध्ये अजून जन्माला यायचाय. आला तर मावशीच्या वहीत नोंद झाली असती.

त्या सकाळी अकराला मी चहा पीत ईमेल उघडली. फिलामावशीकडून आलेली. 'प्रिय मित्रा, हे बघ आणि तुझं मत कळव.' सोबत अटॅचमेंट, नाव 'बाळं'.

पंचेचाळीस वर्षांत या बाईने मला प्रिय म्हटलेलं नाही. मत तर कधीच विचारलेलं नाही. मी कप तसाच ठेवून जिन्यावरून धडाधड खाली पळालो.

दार उघडंच होतं. आत चारजण कार्प मासा खात बसले होते. चर्चमधून आणलेली विलोची डहाळी तिने दारावर लावली होती, तसबिरीवर लावली होती, आणि उरलेली मॉनिटरवर ठेवली होती. तिची पानं नेमकी माझ्या सात नियमांवर लोंबत होती. पडद्यावर वाळूचं घड्याळ फिरत होतं. माझ्या डोळ्यांदेखत पडदा निळा झाला, मग काळा.

"मावशी, काय उघडलंस?"

"यासेनचं कार्ड. फुलांचं. गाणं पण होतं म्हणे, पण वाजलं नाही."

"विचारलंस त्याला? आणि रविवारचं ताजं करायचं राहिलं का?"

"सकाळपासून फोन येताहेत शुभेच्छांचे, टपाल बघण्यापुरती लाइन मिळाली, तेवढीच. आणि विचारायचं काय? नामदिनाला आलेल्या माणसाला दारात उभं करू? 'यासेन, थांब, तूच का रे' असं म्हणू? पाच किलोचा होता तो, मी हाताने ओढून काढलाय त्याला!"

"अगं तो यासेन नव्हताच!"

"मग यासेनचा कोट घालून कोण आलं?" तिने सरळ विचारलं. चौघांनी खाणं थांबवलं होतं.

मी बसलो, कॉम्प्युटर पुन्हा चालू केला, शोधलं. बाळं नव्हती. काहीच नव्हतं. यासेनच्या नावाने आलेल्या त्या किड्याने तिची यादी उचलली होती, तिच्या पत्त्यांच्या वहीतल्या त्रेसष्ट लोकांना परस्पर टाकली होती, आणि जाताना घर पुसून गेला होता. पाठवलेल्यांतही खूण नाही, कारण हे प्राणी आपलं टपाल आपणच टाकतात. मी हे तिला सांगितलं. तिचा चेहरा क्षणभर पांढरा पडला. मग तिच्यातली सुईण जागी झाली.

"प्रत आहे माझ्याकडे. तिची घाई नाही. आधी साथ. त्रेसष्ट घरं म्हणालास? ऊठ. एकाच्याही घरात ते राहता कामा नये. समोर उभं राहून पुसायला लाव. लोकांच्या शब्दावर जाऊ नकोस, ताप नाही म्हणतात आणि काखेत एकोणचाळीस निघतो!"

आणि मी निघालो. काय सांगू, आयुष्यात मला इतकं महत्त्व कधी आलं नव्हतं. परदेशातल्यांना मी माझ्या कॉम्प्युटरवरून लिहिलं, 'उघडू नका, ताबडतोब पुसा, पुसल्याचं कळवा.' माद्रिदहून, शिकागोहून तासाभरात उत्तरं आली, पुसलं. बाहेर गेली की आमची माणसं फारच आज्ञाधारक होतात. गावातल्यांच्या घरी मी जातीने गेलो. प्रत्येक घरी नामदिन, प्रत्येक घरी मासा, आणि प्रत्येकजण छातीवर हात ठेवून सांगे की मी उघडलीच नाही.

"शपथेवर, दिमो, मी हातसुद्धा लावला नाही," यासेन म्हणाला. बाजारात मासे विकतो तो. "दुसऱ्याचं खासगी! छे! आणि पाच किलो दोनशे लिहिलंय ते चूक आहे, आई पाच तीनशे म्हणायची."

"तू उघडली नाहीस ना?"

"नाही म्हटलं ना! आणि तो नगराध्यक्ष, 'डोकं मोठं, आत काय ते कळेलच', हा हा हा..."

मी त्याच्या मागे उभा राहून पुसायला लावलं. कचऱ्याच्या टोपलीतूनही काढायला लावलं, आणि किडा हातपाय पसरायच्या आत मारून टाकला. झ्द्राव्को बेकरीवाल्याकडे तर अख्खं कुटुंब पडद्याभोवती बसून मोठ्याने वाचत होतं, मला बघून सगळ्यांनी एकदम छताकडे बघायला सुरुवात केली.

शेवटी व्हायोलेता. तिचं केस कापायचं दुकान आहे, घर वरच. व्हायोलेता सांगते की ती एकसष्ट सालची आहे. गेली दहा वर्षं ती एकसष्ट सालचीच आहे, आणि तिच्या शाळेच्या वर्गातल्या बायका मात्र दरवर्षी म्हाताऱ्या होताहेत. मला वाटलं, ही घाबरलेली असणार, अख्ख्या गावाच्या घरात तिचं खरं साल पोचलंय. पण ती अगदी गरीब गाईसारखी होती. "पूस बाबा, तूच पूस, मला कळत नाही त्यातलं," म्हणाली, आणि मला पुसू दिलं. मी म्हटलं, घ्या, याला म्हणतात शहाणी बाई. शेजारी प्रिंटरवर टॉवेल टाकलेला होता. दुकानातल्या बाईच्या घरी सगळ्यावरच टॉवेल असतो, मी काय उचलून बघणार होतो?

पाचच्या सुमारास त्रेसष्टपैकी त्रेसष्ट. माझी स्वतःची धरून. आता खोटं कशाला बोलू, माझी मी पुसण्याआधी वाचली होती. दुकानातल्या जुन्या, कुठेच न जोडलेल्या कॉम्प्युटरवर, काळजी घेऊन. माझ्या नावापुढे होतं: 'उलटा. आल्या आल्या माझ्यावर मुतला.' मी ती जितक्या वेगाने पुसली तितक्या वेगाने गावात कुणीच पुसली नसेल.

सोमवारी सकाळी मी मावशीकडे गेलो. कॉम्प्युटर धुऊन पुसून नव्याने उभा केला होता. "चल, दे आता फ्लॉपी."

"तळघरात आहे."

तळघरात तिची फळी म्हणजे शिस्त बघावी. काकडी, चटणी, जर्दाळूचा मुरंबा, प्रत्येक बरणीवर चिठ्ठी, साल, महिना. तिसऱ्या ओळीत, मुरंब्याच्या शेजारी, एक बरणी. चिठ्ठीवर लिहिलेलं: 'बाळं. सप्टेंबर २००२.' आत फ्लॉपी, उभी. झाकण घट्ट बसवलेलं, पत्र्याचं.

मी बरणी उजेडात धरली. फ्लॉपी पोटातून वाकली होती.

"मावशी," मी हळू विचारलं, "ही बरणी तू बंद कशी केलीस?"

"कशी म्हणजे? झाकण लावलं आणि वीस मिनिटं उकळली."

"उकळली."

"न उकळता झाकण धरतं का? हवा लागू नये म्हणालास ना तू? बघ, अजून टक करून उघडेल." आणि तिने उघडली. खरोखर टक झालं. ती अभिमानाने माझ्याकडे बघत होती, आणि माझ्या चेहऱ्यावर तिला जे दिसलं त्याने तिचा हात तसाच थांबला.

मी फ्लॉपी बाहेर काढली. ती सरकत नव्हती, फिरत नव्हती, कशातच जाणार नव्हती. तरी मी वर नेऊन घालून बघितली, ती अर्ध्यात अडकली. खाली आलो तेव्हा मावशी कांद्याच्या पोत्यावर बसली होती.

"काही नाही का रे?"

"काही नाही."

"लोकांकडे गेलेली?"

विचारता विचारताच तिने मान हलवली, तिला आठवलं. आदल्या दिवशी तिनेच मला पिटाळलं होतं आणि मी छाती काढून गेलो होतो. गावभर त्रेसष्ट प्रती होत्या, फुकट, घरपोच, आणि आम्ही दोघांनी मिळून एकेक करून मारल्या होत्या.

"मोठ्यांचं जाऊ दे," ती म्हणाली. "ते आहेत, चालता-बोलता, त्यांना वहीची गरज नाही. पण जी तासभर जगली, दोन तास जगली, त्यांना नावसुद्धा ठेवलं नव्हतं कुणी. ती माझ्याकडेच होती फक्त. 'मुलगा, पापण्या लांब.' 'मुलगी, माझं बोट धरलं.' एकशे अकरा आहेत तशी. मी चटणीखाली जाळली त्यांना, दिमो."

मी या बाईला कधी रडताना बघितलेलं नाही. तेव्हाही ती रडली नाही. पोत्यावरचा एक कांदा उचलून त्याची सालं सोलत बसली, आणि मला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

मी पुन्हा घरोघरी गेलो, उलट्या कामाला. "पुसली नाहीस ना रे कुठे? एखादी चुकून राहिली असेल?" कुणी विश्वास ठेवीना. यासेनला वाटलं मी परीक्षा घेतोय. "कालच तर मानगुटीवर बसून पुसायला लावलीस! शपथेवर सांगतो, नाही!" झ्द्राव्को म्हणाला, "दोनदा पुसली, वाटलं तर तिसऱ्यांदा पुसतो." व्हायोलेताकडची तर मी स्वतःच पुसली होती, तिला विचारलंच नाही. मी ओरडलो, हात जोडले, एकाची तर कॉलर धरली. शेवटी लोकांना पटलं, की या वेळी खरंच हवीय. मग ते आठवायला बसले. यासेनला नगराध्यक्षाचं सगळं आठवत होतं. झ्द्राव्कोच्या बायकोला तिच्या नणंदेचं वजन ग्रॅमपर्यंत पाठ होतं. माझं काय झालं होतं ते तर प्रत्येकाच्या तोंडावर होतं, मुलं रस्त्यात मला बघून हसत होती. स्वतःची ओळ मात्र एकालाही धड सांगता येईना. आणि त्या एकशे अकरांतलं कुणी कुणालाच आठवत नव्हतं, ती पानं लोकांनी भराभर पुढे सरकवली होती.

मंगळवारी मावशीने दार उघडलं नाही. मी वाजवलं, लोकांनी वाजवलं. आतून फक्त, "जा, मला काम आहे." काम कसलं, टक टक तर ऐकू येत नव्हतं.

बुधवारी दुपारी मी जिन्यात बसलो होतो. व्हायोलेता वर आली. काखेत दुकानातला टॉवेल, त्यात काहीतरी जाड. माझ्याकडे न बघता तिने दार वाजवलं आणि ओरडून म्हणाली, "फिलामावशी, उघड. शहाण्णव पानं आहेत, हात दुखतोय माझा."

दार उघडलं.

टेबलावर टॉवेल सोडला. आत यादी. सगळी, पहिल्यापासून शेवटपर्यंत. त्र्याहत्तर सालापर्यंतची बाळं काळी, पुढची गुलाबी, कारण प्रिंटरची काळी शाई तिथे संपली होती.

"तू माझ्याकडून पुसून घेतलीस!" मी म्हणालो. "गाईसारखं तोंड करून!"

"कॉम्प्युटरातली पुसली. कागदावरची पूस म्हणालास का?"

मावशी पानं चाळत होती. तिचं बोट एका ओळीवर थांबलं, मग दुसऱ्या. 'मुलगा, पापण्या लांब.' ती ओळ तिने दोनदा वाचली. मग पहिली पानं परत काढली आणि चष्मा वर केला. तिसऱ्या पानावर मध्येच लाल ठिपका होता. जाड, चकाकता, नेलपॉलिशचा.

"हे काय गं?"

व्हायोलेताने खांदे उडवले. "शाई सांडली."

"नेमकी सालावर?"

"सांडते."

आम्ही त्याच दुपारी बसलो. मी वाचायचं, मावशीने टाइप करायचं. या वेळी मी अट घातली, दर दहा पानांनी एक फ्लॉपी, प्रत्येक फ्लॉपी वेगळ्या घरी, आणि कुणीही, कुणीही ती उकळायची नाही. पहिली यासेन घेऊन गेला, शर्टाच्या आत घालून. व्हायोलेता जायला तयार नव्हती. खिडकीशी उभी राहून ती स्वतःची नखं बघत होती.

तिसरं पान आलं. मी वाचलं. "चौदा नोव्हेंबर, साल दिसत नाही. पहाटे चार दहा. मुलगी, तीन किलो शंभर, डोकं केसांनी भरलेलं. आई स्तोयना. मुलगी म्हटल्यावर मोठ्याने हसली. म्हणाली, हिच्या केसांना कुणी हात लावायचा नाही, हिचे केस मीच विंचरणार."

व्हायोलेताची आई ती दोन वर्षांची व्हायच्या आधीच छातीच्या आजाराने गेली. तिला मावशीने वाढवलं, सख्ख्या मावशीने, आणि ती बाई बोलणाऱ्यांतली नव्हती. हे गावात सगळ्यांना माहीत आहे, म्हणजे इतकं जुनं झालंय की कुणाच्या लक्षात नाही.

"मी रविवारी पहिल्यांदा वाचलं ते," व्हायोलेता खिडकीकडे तोंड करून म्हणाली. "ती कशी बोलायची ते मला कुणी सांगितलंच नव्हतं. कधी येऊन विचारायचं म्हटलं तर फिलामावशी साल वाचून दाखवणार, मोठ्याने, आणि शेजारी कुणीतरी बसलेलं असणार. म्हणून आले नाही. आणि हा गाढव दारात येऊन पूस, पूस करत होता."

गाढव बरोबरच होतं.

फिलामावशीची बोटं कळफलकावर थांबली होती. आयुष्यात एका ग्रॅमचं खोटं न लिहिलेली ती बाई. तिने चष्म्यावरून बघितलं. "एकसष्ट घालते," ती म्हणाली. "कोण बघायला येणार आहे? मी सांगणार नाही आणि हा बोलला तर मी याची ओळ चर्चच्या दारावर लावीन."

व्हायोलेता टेबलापाशी आली आणि त्या पानावरचा लाल ठिपका नखाने खरवडायला लागली. सुकलेलं पॉलिश कागदासकट निघत होतं.

"एकसष्ट साली माझी आई कुठे होती, मावशी? पंचावन्न घाल."

मावशीने एका बोटाने घातलं. एक, नऊ, पाच, पाच.